नवे रेणू डॉक करण्याआधी सिटाग्लिप्टिन जागेवर बसवून पाहा

एम.फार्म.च्या प्रबंधासाठी डॉकिंग (रेणू प्रथिनात कसा बसेल हे संगणकावर पाहणं) करायचं ठरलं की बहुतेक जण थेट आपले रेणू घेऊन बसतात. तसं करू नका. ज्याची नेमकी जागा स्फटिकरचनेतून ठाऊक आहे असं एक औषध आधी त्याच प्रथिनात परत बसवून दाखवा. ते जमलं नाही, तर पुढचे पाचशे रेणू चालवूनही हाती फक्त आकड्यांची यादी येते. या पडताळणीला रीडॉकिंग म्हणतात. परीक्षकाचा पहिला प्रश्न बहुधा यावरच असतो.

उदाहरणाला मधुमेहाचं सिटाग्लिप्टिन घेऊ. २००६ साली अमेरिकेत मंजुरी, २०२२ साली भारतात पेटंट संपलं, आणि आता बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये अनेक कंपन्यांचं मिळतं. ते डीपीपी-४ या एन्झाइमला अडवतं. प्रोटीन डेटा बँकेत १एक्स७० या क्रमांकाखाली दोघांची एकत्रित रचना आहे, रेझोल्यूशन २.१ अँगस्ट्रॉम, म्हणजे कामाला पुरेसं. सॉफ्टवेअर ऑटोडॉक व्हिना. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

रचना उतरवल्यावर आधी पायमॉल या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट पाहून घ्या. प्रथिनाच्या दोन साखळ्या दिसतील. ए ठेवा, बी काढा, कारण क्रियास्थळ प्रत्येक साखळीत पूर्ण असतं. प्रथिनाला चिकटलेले शर्करेचे तुकडे (एनएजी नावाचे) आणि पाणी पहिल्या फेरीत काढून टाका. लिगंडचं, म्हणजे प्रथिनात बसलेल्या रेणूचं (इथे सिटाग्लिप्टिनचं), फाइलमधलं नाव ७१५ आहे. तो वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा आणि त्याला पुढे हात लावू नका. ही तुमची उत्तरपत्रिका आहे. मग प्रथिनाला हायड्रोजन जोडून व्हिनाला लागणारी पीडीबीक्यूटी फाइल बनवा.

आता लिगंड. स्फटिकातलाच लिगंड उचलून डॉक केला तर निकाल छान येतो, पण तो फसवा असतो: बंधांची लांबी, कोन आणि कड्यांचा आकार आधीच बरोबर असतो, आणि व्हिना त्यांना हलवतच नाही. म्हणून पबकेम या रसायनांच्या माहितीकोशावरून स्माइल्स (रेणूची रचना अक्षरांत सांगणारी ओळ) घ्या आणि त्रिमिती आकार नव्याने तयार करा. स्माइल्समध्ये ‘ॲट’चं चिन्ह (@) आहे का ते पाहा. सिटाग्लिप्टिनमध्ये एक कायरल केंद्र (ज्यामुळे रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं होतात) आहे आणि औषध आर रूपातलं आहे. चिन्ह गाळलेली सपाट ओळ चिकटवलीत, तर प्रोग्राम मुकाट्याने दोहोंपैकी एक रूप निवडतो आणि तुम्हाला सांगतही नाही.

दुसरी अडचण अमाइड बंधाची. सिटाग्लिप्टिनमधलं अमाइड तृतीयक आहे, त्यामुळे कड्यांची जोडी दोन दिशांना वळलेली राहू शकते. तयारी करताना हा बंध गोठवला गेला आणि सुरुवातीची दिशा उलटी असली, तर व्हिना कितीही वेळ चालवा, ट्रायाझोलोपिपरॅझिनचा भाग (म्हणजे हीच जोडी) जागेवर येणार नाही. पीडीबीक्यूटी फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा, ब्रँचच्या ओळी (फिरू शकणाऱ्या बंधांची यादी) वाचा आणि अमाइडचे दोन अणू त्यात आहेत का पाहा. नसतील तर दोन्ही दिशांचे आकार वेगळे बनवून दोन्ही डॉक करा.

अमाइनवर धनभार द्या. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर धनभार असतो तो) ७.७ च्या आसपास आहे, आणि पॉकेटमध्ये (प्रथिनातल्या खोबणीत) तो ग्लुटामेट २०५ आणि २०६ यांच्यामध्ये जाऊन बसतो. एक गोष्ट मात्र फार थोडे जण सांगतात: व्हिनाच्या गणितात विद्युतभार धरलेलाच नाही. त्यामुळे इथली चूक गुणांकात (व्हिना देतं त्या बंधशक्तीच्या अंदाजात) फारशी दिसत नाही. पुढे याच आकारावर मॉलिक्युलर डायनॅमिक्स (अणूंच्या हालचालीचं संगणकी अनुकरण) चालवलंत की तीच चूक समोर येते आणि लिगंड जागेवरून सरकू लागतो.

चौकट, म्हणजे व्हिनाने जिथे शोधायचं ती पेटी, ठरवताना लिगंडच्या सगळ्या अणूंच्या एक्स, वाय, झेड निर्देशांकांची सरासरी काढा, तो केंद्रबिंदू. प्रत्येक बाजू २२ अँगस्ट्रॉम ठेवली तरी पुरते. इथली नेहमीची चूक अशी: जुन्या ऑटोडॉक टूल्समध्ये चौकट ग्रिड-बिंदूंमध्ये मोजतात आणि दोन बिंदूंतलं अंतर ०.३७५ अँगस्ट्रॉम असतं. तिथले ६० बिंदू म्हणजे २२.५ अँगस्ट्रॉम. तोच ६० व्हिनाच्या फाइलमध्ये उतरवला की चौकट ६० अँगस्ट्रॉमची होते आणि निम्मं प्रथिन आत येतं. आकारमान २७,००० घन अँगस्ट्रॉमच्या वर गेलं की व्हिना इशारा छापतं. तो वाचा.

एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा तो आकडा) मुळात ८ असतो, ३२ करा. वेगवेगळे सीड (शोध कुठून सुरू होतो ते ठरवणारे आकडे) देऊन तीन वेळा चालवा. पहिल्या क्रमांकाची बैठक तिन्ही वेळा वेगळी आली तर शोध अपुरा आहे. मे महिन्यात बडोद्याच्या उन्हाळ्यात लॅपटॉप सगळ्या कोअरवर ठेवलात तर तो तापून मंदावतो, एवढीच हवामानाची अडचण.

मग आरएमएसडी, म्हणजे दोन बैठकींतल्या अणूंमधलं सरासरी अंतर. स्फटिकातल्या ७१५शी तुलना करा, २ अँगस्ट्रॉमच्या आत आलं तर पास. दोन सापळे आहेत. व्हिनाच्या तक्त्यात आरएमएसडीचे दोन रकाने असतात, पण ते पहिल्या बैठकीपासूनचं अंतर सांगतात, स्फटिकापासूनचं नाही. पहिल्या ओळीत शून्य आहे म्हणून पेढे वाटू नका. दुसरं, पायमॉलमध्ये लिगंडवर लिगंड अलाइन करून मग अंतर मोजायचं नाही. अलाइन केलं की चुकीच्या जागी बसलेलाही बरोबर दिसतो. ओपन बेबेल या सॉफ्टवेअरसोबत येणारं ओबीआरएमएस न हलवता मोजतं आणि सममित अणूंची अदलाबदलही सांभाळतं.

आकडा आल्यावर डोळ्यांनीही पाहा. ट्रायफ्लुओरोफिनाइलचं कडं एस-१ पॉकेटमध्ये खोल गेलेलं हवं, अमाइन त्या दोन ग्लुटामेटांकडे आणि टायरोसीन ६६२कडे, आणि दुसऱ्या टोकाचं जोडकडं फिनाइलॲलनीन ३५७वर टेकलेलं. रेणू उलटा बसला असेल तर आधी अमाइड तपासा, मग चौकट.

हे सगळं जुळल्यावरच स्वतःचे रेणू चालवा, तेही त्याच सेटिंगवर. गुणांकाला मात्र त्याच्या लायकीइतकाच मान द्या. व्हिना विकसित करणाऱ्यांच्या २०१० सालच्या लेखातच प्रमाण त्रुटी २.८५ किलोकॅलरी प्रति मोल दिली आहे. बंधशक्तीत दहापट फरक म्हणजे सुमारे १.४ किलोकॅलरी. तेव्हा उणे ९.१चा रेणू उणे ८.७च्या रेणूपेक्षा सरस, असं प्रबंधात लिहू नका. शिवाय रेणू मोठा झाला की गुणांक आपोआप वाढतो. जड अणूंच्या संख्येने भागून पाहिलं की यादीचा क्रम पालटतो.

आणखी एक चाळणी हवी. डीयूडी-ई या डॉकिंग तपासण्यासाठीच्या २०१२ सालच्या संचात डीपीपी-४ आहे, आणि त्यात प्रत्येक सक्रिय रेणूमागे गुणधर्मांनी मिळतेजुळते ५० डमी रेणू दिलेले आहेत. ते सगळे एकत्र डॉक करा. खरे वर आले नाहीत, तर या प्रथिनावर तुमची पद्धत निवड करण्याच्या लायकीची नाही, मग रीडॉकिंग कितीही सुंदर झालेलं असो.

वनस्पतींमधले रेणू हा आपल्याकडचा आवडता विषय, आणि त्यात हळदीतलं कर्क्युमिन सगळ्यांचं लाडकं. ते जवळपास प्रत्येक प्रथिनात बरा गुणांक मिळवतं आणि जवळपास प्रत्येक चाचणीत गडबड करतं. पेन्स नावाच्या, चाचणीत खोटा परिणाम दाखवणाऱ्या रेणूंच्या चर्चेत त्याचं नाव हमखास येतं. डॉक करायचंच असेल तर डायकीटो रूप घेऊ नका. द्रावणात प्रामुख्याने ईनॉल रूप असतं, आणि त्याचा आकार वेगळा असतो.

शेवटी निवडलेले दोन-चार रेणू एन्झाइमवर तपासायला द्या. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली अलेम्बिक ही औषध कंपनी उभी केली त्या बडोद्यात ओली प्रयोगशाळा शोधायला लांब जावं लागत नाही. ग्लायसिल-प्रोलिन-पॅरानायट्रोॲनिलाइड हे सब्स्ट्रेट तुटलं की पिवळा रंग सुटतो, तो ४०५ नॅनोमीटरवर मोजतात. तुलनेला सिटाग्लिप्टिन ठेवा. त्याचा आयसी-५० (एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी मात्रा) सुमारे १८ नॅनोमोलर यायला हवा. सगळ्या वेल्समध्ये डीएमएसओ (रेणू विरघळवणारा द्रव) सारखाच असू द्या, कंट्रोलमध्येही. कर्क्युमिन स्वतःच पिवळं असून ४२५च्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणून रंगीत रेणूच्या प्रत्येक मात्रेला एन्झाइम न घातलेला वेगळा ब्लँक लावा आणि त्याचं वाचन वजा करूनच आलेख काढा.