सलग तास विसरा
दोन मुलं आणि नोकरी सांभाळून व्यायामाला सलग तास मिळेल, ही आशा मी सोडली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. २०२० मध्ये सलग १० मिनिटांची अटही तिने काढली. म्हणून धाकटीचा पोहण्याचा क्लास चालू असताना बाकावर मोबाईल घेऊन बसू नका, झपाझप चाला. धाप लागावी, पण बोलता यावं, इतपत. आठवड्यातून दोनदा भिंतीला हात टेकून जोर काढा, हात न टेकता खुर्चीवरून उठबस करा. (माझी मुलगी मोजते, आणि बिनदिक्कत चुकीचं मोजते.) खाण्याचं म्हणाल, तर अर्धं ताट भाज्या-फळांचं. आणि मुलांचं उरलेलं उभ्याउभ्या संपवणं बंद! माझं निम्मं जेवण तेच असायचं.