धातूची भुकटी पाण्यात टाकण्याआधी

धातू पाण्यात किती विरघळतो हे कसं तपासायचं, ते सांगणारी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेची २००१ सालची २९ क्रमांकाची मार्गदर्शिका पुन्हा एकदा वाचून काढा. मासे आणि डॅफ्नियाला (पाण्यातल्या पिसवांना) बाधतो तो पाण्यात उतरलेला धातू. तळाशी पडलेल्या भुकटीच्या वजनावरून धोका ठरत नाही. म्हणून आपल्याला मोजायचं आहे ते विरघळणं.

सर्वांत आधी नमुना. भुकटी असेल तर बाजारात विकली जाणारी सर्वांत बारीक घ्या आणि तिचं पृष्ठफळ मोजून ठेवा, कारण विरघळण्याचा वेग त्यावरच ठरतो. अखंड धातूसाठी १ मिलिमीटर व्यासाचा गोळा धरतात, आणि खरी अडचण इथेच येते. तांब्याचा असा एक गोळा साधारण ४.७ मिलिग्रॅम भरतो. दीर्घकालीन चाचणीत तर लिटरला १ मिलिग्रॅमच टाकायचा असतो! पाणी किती घ्यायचं, की पृष्ठफळाच्या हिशेबाने जायचं, ते कागदावर आधीच ठरवा. आयत्या वेळी गोळा कापत बसू नका.

तराजू मायक्रोग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. प्रत्येक भांड्यात टाकायचा धातू, म्हणजे त्याचा भार, वेगळा तोला. गढूळ द्रावण करून त्यातून वाटे काढले तर ते कधीच सारखे पडत नाहीत.

पाण्याचा सामू (पीएच) ६ ते ८.५ मध्ये ठेवायचा, तोही बायकार्बोनेट आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या मेळाने. सामू ६ साठी ०.५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा लागते, तेव्हा सिलिंडर वेळेत मागवा. बरेचसे धातू आम्ल पाण्यात जास्त विरघळतात, पण तिथे त्यांचा विषारीपणा अनेकदा कमी असतो. म्हणून तुलनेला विषारीपणाचे आकडेही त्याच सामूचे जमवा.

भांडी आम्लाने धुऊन विआयनीकृत (आयन काढून टाकलेल्या) पाण्याने खंगाळा. प्रत्येक भाराला किमान तीन भांडी, शिवाय धातू न टाकलेली दोन. जस्त मोजणार असाल तर हातमोजे आणि रबरी बुचंही तपासा, त्यांतून जस्त येतं.

गाळणी ०.२ मायक्रॉनची. ती धातू धरून ठेवते का, हे माहीत असलेल्या द्रावणावर आधी पाहा. नमुन्यात नायट्रिक आम्ल गाळल्यावरच टाकायचं. आधी टाकलं तर तरंगणारे कण विरघळतात आणि आकडा खोटाच फुगतो. याची चिठ्ठी बाटल्यांच्या खोक्यावर चिकटवा.

पहिली छाननी चाचणी २४ तासांची, लिटरला १०० मिलिग्रॅमवर. पुढे पूर्ण चाचणी ७ दिवसांची, मग दीर्घकालीन २८ दिवसांची. एवढ्या दिवसांत वीज गेली तर भांडी हलवत ठेवणारा शेकर कशावर चालेल, आणि रविवारी नमुना कोण काढेल, तेही आजच लिहून ठेवा.