खेळांच्या वर्षाची खतावणी कशी घालावी

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीत मी २१ वर्षं जमाखर्च लिहितो. आमच्यात नवी वही दिवाळीच्या पाडव्याला उघडतात, म्हणून घरच्या बोर्डगेम्सची वहीसुद्धा मी पाडव्यालाच उघडली. तिला आता वर्ष झालं. वर्षभर आपण काय खेळलो, कुणाबरोबर खेळलो, कशावर पैसे घातले आणि काय तसंच पडून राहिलं, हे नीट बघायचं असेल तर माझी पद्धत सांगतो. ती दुकानातलीच आहे: रोज कीर्द, वर्षाअखेर खतावणी.

कीर्द म्हणजे त्या दिवशीची नोंद. साधी दोनशेपानी वही पुरते. तारीख, खेळ, कोण कोण बसलं, किती मिनिटं आणि कुणी मागितला, एवढे पाच रकाने आखा. शेवटी जागा उरली तर त्या बैठकीतली लक्षात राहिलेली एक गोष्ट. मोबाइलवर नोंदवायला आवडत असेल तर बोर्डगेमगीक या वेबसाइटवर खेळलेले डाव नोंदवायची सोय आहे. मला मात्र डाव आवरता आवरता पेनाने लिहिणं जमतं. सोंगट्या डबीत जायच्या आत ओळ लिहून झाली पाहिजे. उद्यावर टाकलेली नोंद राहून जाते, हा दुकानातला अनुभव इथंही तसाच लागू पडतो.

सुरुवातीला ‘कोण जिंकलं’ असाही रकाना होता. तिसऱ्या महिन्यात तो मी काढून टाकला. माझी मुलगी अकरा वर्षांची. ती वही उघडून आधी तो रकाना बघायची आणि ज्या खेळात दोनदा हरली असेल त्याचं नाव घेईनाशी झाली. तुमच्या घरात सगळे मोठे असतील तर ठेवा. लहान मुलं खेळत असतील तर नका ठेवू, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजायच्या आधी ‘एक वेळ’ म्हणजे काय ते ठरवून घ्या. कॅरमचा एक बोर्ड दहा मिनिटांतही संपतो आणि कटान दीड तास चालतं. दोन्ही एका मापात कसे बसणार? मी एक बैठक म्हणजे एक नोंद धरतो, मग त्या बैठकीत कॅरमचे चार बोर्ड झाले तरी. अर्धवट सोडलेला डाव धरायचा, पण पुढं ‘अपुरा’ असं लिहायचं. एकाच खेळापुढं हा शब्द तीनदा आला की तो खेळ का संपत नाही ते शोधावं.

वही ठेवलीच नसेल तरी वर्ष हातचं गेलं असं समजू नका. मोबाइलमधले फोटो तारखेनं लावा. टेबलावर पसरलेल्या डावाचे फोटो बहुतेक जण काढतातच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘येताय काय?’ असे मेसेज शोधा. खेळांच्या खोक्यात गुणांच्या चिठ्ठ्या पडलेल्या असतात, त्यांवर नावं असतात. मंगळवार पेठेत राहणाऱ्या माझ्या मित्रानं अशीच आठ महिन्यांची नोंद उभी केली. चुकामुका असतील, पण चित्र कळतं.

आता खतावणी. कीर्दीतली प्रत्येक ओळ त्या त्या खेळाच्या खात्यावर चढवायची. माझी बेरीज अशी आली: १४३ बैठका, अंदाजे ११२ तास, २४ वेगवेगळे खेळ. अझुल ३१ वेळा, कॅरम २७, कारकासोन १९, कटान १२, मेंढीकोट १०. त्याखाली तिकीट टू राइड ९, स्प्लेंडर ८, पँडेमिक ७. उरलेल्या १६ खेळांपैकी चार दोनदोनदा आणि बारा एकेकदाच.

या यादीवरून एक आकडा काढता येतो, तो मला फार आवडतो. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये शास्त्रज्ञांचं काम मोजायला एच-इंडेक्स सुचवला. बोर्डगेम खेळणाऱ्यांनी तो उचलला. खेळ जास्तीकडून कमीकडं लावा आणि वरून मोजत या. सातवा खेळ किमान सात वेळा झालाय का? माझा आठ वेळा झालाय. आठवा आठ वेळा झालाय का? नाही, सातच. म्हणजे माझा आकडा ७. एकच खेळ शंभर वेळा खेळून तो वाढत नाही आणि शंभर खेळ एकेकदा चाखूनही वाढत नाही. आपण किती खेळांशी खरोखर घरोबा केला, एवढंच तो सांगतो.

महिनेवार बेरीजही करा. माझ्या जुलै-ऑगस्टमध्ये ४१ बैठका आहेत आणि नोव्हेंबर ते जानेवारी मिळून ११. दिवाळीनंतर गुळाचा हंगाम असतो, रात्री नऊला घरी येऊन कुणी नियम समजावत बसत नाही. हे कागदावर दिसल्यावर मी ठरवून टाकलं की हंगामात नवा खेळ उघडायचा नाही. त्या दिवसांत कॅरम आणि पत्ते, बास.

पावसाळ्यातला एक फटका वहीत आहे, तोही सांगतो. आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल येते. शेल्फ भिंतीला चिकटून होतं. कारकासोनचे ७२ पुठ्ठ्याचे तुकडे, त्यातले दहा-बारा पापडासारखे वळले. उपडे ठेवलेले तुकडे पाठीवरूनच ओळखू यायला लागले की त्या खेळात राम राहत नाही. पाटाखाली वर जातं ठेवून आठ दिवस दाबले तेव्हा सरळ झाले. शेल्फ आता चार बोटं पुढं आहे, प्रत्येक खोक्यात सिलिका जेलची पुडी आहे. कॅरमबोर्डही पावसात जड होतो, स्ट्रायकर अडखळतो. माझे वडील बोर्डावर साठ वॅटचा पिवळा बल्ब तासभर सोडून ठेवायचे, मी तेच करतो. वर्षाचा आढावा घेताना खोकी उघडून मोजदादही करा: कॅरमच्या नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि राणी आहेत का, अझुलच्या पाच रंगांच्या वीस-वीस फरश्या आहेत का.

खर्चाचं खातं थोडक्यात. खेळाची किंमत भागिले बैठका. कारकासोन मला २४०० रुपयांना पडला, १९ बैठका झाल्या, म्हणजे बैठकीला सव्वाशे रुपये. एक खेळ ३६०० रुपयांचा आहे आणि एकदाच टेबलावर आलाय. तरी या आकड्यावर खेळ ठेवायचा की द्यायचा ते ठरवू नका. त्यासाठी दुसरी खतावणी लागते आणि माझ्या लेखी तीच खरी.

ती माणसांची. ‘कुणी मागितला’ हा रकाना घ्या आणि प्रत्येक माणसाचं खातं उघडा. माझं असं निघालं: मी स्वतः ८१ वेळा, मुलगी २९, मित्रमंडळी १९, आत्या ८, बायको ६.

आत्याचं आधी सांगतो. ती शुक्रवार पेठेत पंचगंगा नदीच्या अंगाला राहते. ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेलं. ४३ फूट म्हणजे धोका. इतकं थांबायचं नाही म्हणून मी तिला आदल्या रात्रीच घरी आणलं. चार दिवस ती आमच्याकडं होती. सारखी मोबाइलवर फूट विचारायची. दुसऱ्या दिवशी मुलीनं तिच्यासमोर अझुल मांडला. गोल चकत्यांवर चार-चार फरश्या, एका चकतीवरच्या एका रंगाच्या सगळ्या उचलायच्या, बाकीच्या मधे ढकलायच्या. आत्यानं निळी फरशी उचलली, तळहातावर झेलली, परत झेलली. सागरगोटे खेळलेला हात तो. “वजन चांगलं हाय गं,” म्हणाली. पहिल्या डावात जास्तीच्या फरश्या खाली सांडून तिचे गुण गेले. तिसऱ्या डावाला माझ्या मुलीला सांगत होती, “हाव केलीस की फुटतंय बघ.” त्या मुक्कामात आठ वेळा तिनं स्वतःहून म्हटलं, “बाबू, ते फरशीचं काढ की रे.” वहीत आठही ओळींत ‘आत्या’ लिहिलंय. अझुल २०१७ सालचा, मिखाएल कीसलिंगचा, पुढच्या वर्षी जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार मिळालेला. पण माझ्या घरात तो आत्याचा फरशीचा खेळ आहे आणि तो शेल्फवरून कधी जाणार नाही.

आता बायकोचं खातं. सहा नोंदी. सहाही मेंढीकोटच्या. गेल्या वर्षात मी दोघांनी खेळायचे तीन खेळ आणले, ते तिच्यासाठी असं मनाशी धरून. तीनही मीच मागितले, ती बसली, एकेकदा. नियम तिला पटकन कळले, ती नीट खेळलीही, पण नंतर नाव घेतलं नाही. मेंढीकोटला मात्र शेजारच्या वहिनींना ती गॅलरीतून हाक मारते, हुकूम लपवून ठेवते आणि चौथी दश्शी पकडली की टेबलावर हात आपटते. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, पण खातं उघडेपर्यंत मला दिसलं नव्हतं.

म्हणून खेळ ठेवायचे की द्यायचे हे माणसांच्या खात्यावरून ठरवा. आमच्या घरातले १४ खेळ वर्षभरात उघडले नाहीत. एकेक खोकं हातात घेतलं आणि स्वतःला विचारलं, याचं नाव घेतल्यावर कुणाचा चेहरा समोर येतो? पाच खोक्यांना कुणीतरी होतं. उदाहरणार्थ, एक सहा जणांचा खेळ पुण्याहून भाऊ आला की लागतो, तो ठेवला. चार खोकी मुलीच्या वर्गातल्या मुलांकडं गेली. तीन मित्राला दिली. दोन अजून टेबलाखाली आहेत, त्यांना शिमग्यापर्यंत मुदत दिली आहे.

पुढच्या वर्षासाठी फार कलमं लिहू नका. मी दोन लिहिली: नवा खेळ घ्यायच्या आधी तो कुणाबरोबर खेळणार त्याचं नाव वहीत लिहायचं, आणि शनिवारी रात्री शेजाऱ्यांना बोलवायचं.

यंदाच्या पाडव्याला दुकानातलं वहीपूजन करून घरी आलो आणि नव्या वहीवर हळद-कुंकू लावून पहिली ओळ लिहिली. पाडवा. मेंढीकोट. आम्ही दोघं, शेजारचे भाऊ आणि वहिनी. ५५ मिनिटं. मागितला: मी. बायकोनं वाचलं, पत्ते माझ्या हातातून घेतले आणि पिसायला लागली.