गाडीची काच वर जाईना? मोटर बदलण्याआधी हे तपासा

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळाभर दारांत पाणी झिरपतं, आणि उन्हाळ्यात तांबड्या मातीचा धुरळा काचेच्या रबरात जाऊन बसतो. पॉवर विंडोच्या (बटणावर चालणाऱ्या काचांच्या) बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच असतं. मोटर हा महागाचा भाग, म्हणून तिच्याकडे सगळ्यात शेवटी वळा.

आधी स्विच दाबून दाराला कान लावा. मोटर फिरतेय पण काच जागची हलत नाही, म्हणजे रेग्युलेटरची (काच वरखाली नेणाऱ्या यंत्रणेची) केबल तुटली किंवा काच धरणारी प्लॅस्टिकची क्लिप फुटली. काच कुंथत, थांबत चढते, तर बहुधा रबर. आवाजच नाही, तर विजेचा माग काढा.

चारही काचा एकदम बंद पडल्या तर फ्यूज (साधारण २० ते ३० अँपिअरचा) आणि रिले (विजेवर चालणारा आतला स्विच) बघा. ड्रायव्हरची चालते आणि बाकीच्या नाहीत, तर मास्टर स्विचवरचं (ड्रायव्हरच्या दारावरचा, सगळ्या काचांचा) लॉकचं बटण दाबलेलं नाही ना? एकच काच बंद असेल तर ती मास्टर स्विचवरून आणि तिच्या स्वतःच्या स्विचवरून, दोन्हीकडून चालवून पाहा. अनेक गाड्यांत मागच्या दाराची वीज मास्टर स्विचमधून फिरून येते. त्यामुळे तो खराब झाला की मागचा चांगला स्विचही मुका होतो.

कुंथणाऱ्या काचेसाठी काच पूर्ण खाली घ्या. ओलं फडकं पातळ पट्टीला गुंडाळून दोन्ही बाजूंच्या रबरी खाचेतून फिरवा. फडकं लाल व्हायचं थांबेपर्यंत. वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारा आणि काच चार-पाच वेळा वरखाली करा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस इथे कधीही लावू नका: रबर फुगतं, आणि धूळ चिकटून आठवड्याभरात काच आधीपेक्षा जड होते.

आता वायरी. दार आणि गाडीचा बिजागरीकडचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीत त्या रोज वाकतात आणि शेवटी आतल्या आत तुटतात. स्विच दाबून धरून दार उघडझाप करा. काच झटके देत हलली तर दोष तिथेच. तुटलेल्या वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू नका, सोल्डर करून हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) चढवा. सांधे एकाच जागी न घेता मागेपुढे घ्या आणि शक्यतो वाकणाऱ्या भागाबाहेर ठेवा.

डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा; दारात एअरबॅग किंवा तिचा सेन्सर असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबा. हँडलच्या मागे आणि आर्मरेस्टच्या खळग्यात स्क्रू लपलेले असतात. मग पॅड खालच्या कडेने ओढून क्लिपा सोडवा. आतला प्लॅस्टिकचा कागद फाडू नका. काच टेपने फ्रेमला चिकटवून ठेवा, नाहीतर बोल्ट सुटताच ती दारात कोसळते.

बॅटरी पुन्हा जोडा. मोटरचं कनेक्टर लावलेलंच ठेवून मागून मल्टीमीटरच्या (व्होल्ट मोजायच्या मीटरच्या) पिना टेकवा आणि स्विच दाबा. १२ व्होल्टच्या आसपास मिळतायत आणि मोटर मेलेली, तर मोटर गेली. १० पेक्षा कमी, तर स्विचच्या जळक्या पॉइंटात किंवा गंजलेल्या कनेक्टरात वीज अडतेय. साधी दोन वायरींची मोटर २० अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून थेट बॅटरीवर तपासता येते. वायरी उलटवल्या की ती उलटी फिरते. पाच-सहा वायरींच्या ऑटो मोटरवर (एकदा बटण दाबलं की काच आपोआप पूर्ण जाते ती) मात्र हा प्रयोग नको.

नवा रेग्युलेटर बसवताना बोल्ट आधी सैल ठेवा, काच वर नेऊन सरळ बसू द्या, मगच आवळा. रेग्युलेटरच्या लोखंडी पट्टीला पांढरं लिथियम ग्रीस पुरे.

पॅड परत बसवण्याआधी दाराच्या तळाची पाणी जायची भोकं प्लॅस्टिकच्या केबल टायने मोकळी करा. ती चिखलाने बुजली की पाणी दारात साचतं, मोटर गंजते आणि पत्राही. प्लॅस्टिकचा कागद ब्युटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चारही कडांनी चिकटवा. ऑटो काच असेल तर बॅटरी सोडल्यामुळे बंद पडलेलं ऑटो पुन्हा चालू करायला ती पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद ओढून धरा. नेमका क्रम गाडीच्या पुस्तकात असतो.