कूलरमागचं घरटं: कबुतरांना इजा न करता त्यांची संख्या कशी आवरावी

होळी जवळ आली की नागपुरात कूलर बाहेर निघतात आणि त्याच आठवड्यात मला फोन सुरू होतात. "ताई, कूलरच्या टाकीत कबुतराची पिल्लं आहेत. आता काय करू?" तेव्हा पिल्लं उडेपर्यंत थांबा, एवढंच सांगता येतं. खरं काम संक्रांतीच्या सुमारास व्हायला हवं असतं.

मी मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर राहते. गेल्या नऊ-दहा वर्षांत स्वतःच्या घरच्या, माहेरच्या आणि ओळखीपाळखीतल्या बऱ्याच गॅलऱ्या, डक्ट आणि छज्जे मी कबुतरांपासून मोकळे केले आहेत. एकदा माझ्याकडून एक पिल्लू मेलं. त्यामुळे या विषयावरचे हलके सल्ले आता ऐकवत नाहीत. खिडकीत जुन्या सीडी लटकवा, प्लास्टिकचं घुबड बसवा: चार दिवसांत कबुतरं त्याच्या डोक्यावर बसतात. डांबरगोळ्यांचा वास कबुतरांपेक्षा घरातल्या लेकरांना बाधतो. पकडून शहराबाहेर हिंगण्याला सोडलेलं कबूतर परत येतं, कारण घराची वाट शोधणं हाच त्याचा गुण आहे. छज्ज्यावर चिकट जेल लावलं तर पिसं चिकटून पक्षी तडफडत मरतो, आणि त्यात चिमणीही सापडते. विषारी दाणे टाकणं तर १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे.

मारून संख्या कमी होत नाही, हे स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराने करून पाहिलं आहे. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली गेली, तरी थवे जिथल्या तिथे राहिले. जागा आणि अन्न तेवढंच असेल तर गेलेल्यांची जागा नवी पिल्लं भरून काढतात. १९८८ पासून त्या शहराने लोकांना दाणे टाकू नका म्हणून समजावलं, देखरेखीखाली खुराडी उभारली आणि तिथली अंडी काढली. चारेक वर्षांत संख्या जवळपास निम्म्यावर आली. आपल्या इमारतीतही हेच दोन धागे धरायचे आहेत, दाणा आणि घरटं.

दाणा

एक कबूतर दिवसाला साधारण ३० ग्रॅम धान्य खातं. म्हणजे गच्चीवर रोज एक किलो ज्वारी पडत असेल तर ती तीसेक कबुतरांची पूर्ण सोय झाली. दाणे टाकणारे बहुतेक वेळा घरातले वयस्कर असतात आणि ते श्रद्धेने टाकतात. त्यांच्याशी भांडू नका, सोसायटीच्या फलकावर त्यांचं नावही लिहू नका. आमच्या इमारतीतल्या काकाजींशी मी त्यांच्या घरी बसून बोलले. एकदम बंद करायला सांगितलं नाही. पंधरा दिवसांत माप हळूहळू कमी केलं आणि शेवटी दाण्याच्या जागी पाण्याचं मातीचं भांडं आलं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पाणी हेच खरं दान आहे, हे त्यांना लगेच पटलं. पाणी रोज बदला, भांडं घासत जा.

घरटी शोधणं

कूलरचा स्टँड, कूलरच्या बाजूंना लावायच्या पण काढून ठेवलेल्या ताट्या, एसीच्या बाहेरच्या युनिटचा मागचा भाग, डक्टमधले पाइप, गॅलरीतल्या रिकाम्या कुंड्या. घरटं म्हणजे चार काड्या असतात, नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही.

अंडी, पिल्लं आणि मधली रिकामी वेळ

सगळे चुकतात ते इथे. मीही चुकले होते.

पहिल्या वर्षी मी जाळीवाल्याला बोलावलं, त्याने दोन तासांत गॅलरी बंद केली, मी पैसे दिले आणि निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोन कबुतरं बाहेरून जाळीवर धडका मारत होती. जागेची सवय असेल, जातील दोन दिवसांत, असं मी मनाशी म्हटलं. तिसऱ्या दिवशी कूलरमागून बारीक आवाज आला. तिथे दोन पिल्लं होती. एक गेलेलं होतं. दुसऱ्यासाठी मी जाळीची कड सोडली, आणि तासाभरात त्याची आई आत आली. कबुतराचं पिल्लू पहिले काही दिवस आईबापाच्या गळ्यातल्या अन्नपिशवीत तयार होणाऱ्या दुधासारख्या पदार्थावर जगतं. तो आपण बाहेरून देऊ शकत नाही. दूध-पोळी भरवून तर पिल्लू मरतंच.

म्हणून जाळी लावायच्या आधी घरटं पाहायचं, आणि त्यात जीव असेल तर जाळी लावायची नाही. यात तडजोड नको. जाळीवाला घाई करेल, "मॅडम, मी पिल्लं उचलून खाली ठेवतो" म्हणेल. त्याला परत पाठवा.

मग "पिल्लं उडाली की लावू" असं ठरवून लोक थांबतात, आणि इथे दुसरी अडचण येते. मादी दोन अंडी घालते, ती साधारण १८ दिवस उबवली जातात, आणि पिल्लं चार-पाच आठवड्यांनी उडतात. पण पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की तीच जोडी पुष्कळदा शेजारी पुन्हा अंडी घालते. एक विण संपायच्या आत दुसरी सुरू. तुम्ही वाट पाहत राहता आणि घरटं वर्षभर रिकामं होत नाही. ही रिकामी वेळ आपोआप येत नाही, ती घडवावी लागते.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली, म्हणजे पिवळी लव जाऊन अंगावर पिसं भरली, की रोज एकदा घरटं आणि त्याच्या आसपासची जागा बघायला लागा. नवं अंडं दिसलं की लगेच हात घालू नका. दुसरं अंडं पहिल्यानंतर साधारण दोन दिवसांनी येतं. दुसरं आलं की त्याच दिवशी दोन्ही अंडी काढून त्यांच्या जागी खोटी ठेवायची. नुसती उचलून फेकली तर मादी थोड्याच दिवसांत पुन्हा घालते, आणि त्यात तिच्या अंगातलं कॅल्शियम खर्च होत राहतं. खोटी अंडी मात्र जोडी मन लावून उबवते. तीनेक आठवडे बसते, काही होत नाही असं दिसलं की आपली आपण उठते. तोवर आधीची पिल्लं उडून गेलेली असतात. हीच ती रिकामी वेळ.

खरी अंडी उकडून परत ठेवा, असा एक सल्ला फिरतो. मी करून पाहिलं. त्यातलं एक तडकलं, मुंग्या लागल्या आणि जोडीने दोनच दिवसांत घरटं टाकलं. मग मी चितार ओळीतल्या एका मूर्तिकाराकडून प्लास्टरची अंडी करून घेतली, चारेक सेंटिमीटर लांब, वजनाला खऱ्याएवढी, वर पांढरा रंग. शाडूची करू नका, ओल लागली की विरघळतात. लाकडाची कातून घेतली तरी चालतात. फक्त हलकी नकोत, वाऱ्याने घरंगळतात.

अंडी कधी घातली ते माहीत नसेल तर अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे मोबाइलचा टॉर्च धरा. ताजं अंडं आत सगळीकडे सारखं उजळतं. चार-पाच दिवसांनी आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसू लागतात. लाल रेषा दिसल्या म्हणजे आत जीव वाढतोय, तेव्हा मी अंडं परत ठेवते आणि पुढच्या विणीची वाट पाहते. माझी रेघ इथे आहे. तुम्हीही ती इथेच ओढावी असं मला मनापासून वाटतं.

अदलाबदल दिवसाउजेडी करा. नर साधारण सकाळी दहापासून दुपार उतरेपर्यंत बसतो, उरलेला वेळ आणि रात्रभर मादी. सकाळी पाळी बदलताना घरटं क्षणभर मोकळं असतं, तो क्षण साधा. नाहीच साधला तर हातमोजा घालून हात सावकाश पोटाखाली सरकवा. पंखाचे फटके बसतात, त्याने काही होत नाही. रात्री हात घालू नका. दचकलेला पक्षी अंधारात उडतो आणि भिंतीवर आपटतो. माणसाचा वास लागला की पक्षी घरटं टाकतात ही समजूत चुकीची आहे. पिल्लू खाली पडलं असेल तर बिनधास्त उचलून घरट्यात ठेवा. जखमी असेल तर सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे न्या.

सफाई

जोडी उठली की त्याच दिवशी घरटं काढा. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका. तिची धूळ सतत श्वासात गेल्याने फुफ्फुसांना कायमची सूज येऊ शकते. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, पाणी फवारून विष्ठा पूर्ण भिजवा, मग खरवडा. ब्लीच वापरत असाल तर त्यात फरशीचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. घरात कोणाचा कोरडा खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना कबुतरांबद्दल आवर्जून सांगा.

जाळी

ऊन सोसणारी, म्हणजे यूव्ही स्टॅबिलाइज्ड जाळी मागा. साधं नायलॉन आपल्या उन्हात लवकर कुजतं. कबुतरांसाठी ५० मिलिमीटरचं भोक पुरतं. जाळी खाटेच्या नवारीसारखी ताणलेली हवी. सैल जाळीत पाय आणि पंख अडकतात आणि पक्षी तिथेच लटकून मरतो. काम झालं की तळवा टेकवून दाबून बघा, झोळ पडत असेल तर पैसे देण्याआधी पुन्हा ताणून घ्या. जिथे जाळी बसत नाही अशा छज्ज्यावर ४५ अंशांहून जास्त उताराची फळी बसवा, त्यावर काडी टिकत नाही. काटेरी पट्ट्या पाइपवर ठीक. रुंद छज्ज्यावर कबुतरं त्याच काट्यांत काड्या अडकवून घरटं करतात.

जून सरताना कूलर काढाल तेव्हा ताट्या सोडवून घरात ठेवा, टाकी पालथी घाला आणि स्टँडवर ताडपत्री घट्ट बांधा. वाऱ्यात तिची गाठ सुटते, म्हणून दिवाळीत एकदा आणि संक्रांतीला एकदा बघायची. माझी प्लास्टरची चार अंडी गॅलरीच्या कपाटात तयार असतात.