एशियन हेल्थच्या ऑनलाइन रिसर्चला बसताय? सर्टिफिकेट काढलंत का?

लॅपटॉप, हेडफोन, मोबाईलचा हॉटस्पॉट. हॉस्टेलचं वाय-फाय ऐन वेळी कसं वागतं ते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे यावर शब्द खर्च करत नाही. सीव्ही एका पानाचा. शिफारसपत्र एचओडींकडून घेण्यापेक्षा तुम्हाला खरंच ओळखणाऱ्या मॅडमकडून घ्या. झालं.

आता सर्टिफिकेट. मागच्या उन्हाळ्यात मी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठाच्या आठ आठवड्यांच्या ऑनलाइन ट्रेनिंगला होते, विषय आशियाई वंशाच्या लोकांचं आरोग्य. त्या आठांतले पहिले तीन आठवडे मी नुसती बघत बसले. पंगतीत बसवलंय, पण ताटच वाढलेलं नाही, अशी गत. दोष सर्वस्वी माझा. माणसांची माहिती वापरून संशोधन करायचं तर आधी नीतिमत्तेचं एक ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं. अमेरिकेत ते बहुतेक ठिकाणी सीआयटीआयच्या पोर्टलवर होतं, सगळे त्याला नुसतं 'सिटी' म्हणतात. निवड झाल्याच्या ईमेलमध्ये ती ओळ कुठेतरी खाली होती. म्हटलं, करू की, एका रात्रीचं काम.

एका रात्रीचं काम नाही. एकामागून एक मॉड्यूल, प्रत्येकाखाली प्रश्न, एकूण काही तास जातात. तेवढंही चाललं असतं. पण खातं उघडताना संस्था निवडायची असते, ती मी निवडली नाही. स्वतंत्र विद्यार्थी म्हणून नोंदणी केली, वर पैसे भरले. कुठली मॉड्यूल लागतात हे ज्याची त्याची संस्था ठरवते. त्यामुळे माझं सर्टिफिकेट त्या विद्यापीठाच्या दृष्टीने शून्य. त्यात नावाचा घोळ. दहावीच्या मार्कलिस्टवर असतं तसं आडनाव, नाव, वडिलांचं नाव या क्रमाने मी भरत गेले, म्हणजे फर्स्ट नेमच्या चौकटीत आडनाव. त्यांच्या यादीतली मुलगी आणि सर्टिफिकेटवरची मुलगी एकच, हे पटवण्यात आणखी आठवडा गेला. सर्टिफिकेट नसेल तर तुमचं नाव आयआरबीच्या, म्हणजे तिकडच्या एथिक्स कमिटीच्या, कागदावर चढत नाही. ते चढेपर्यंत रुग्णांच्या डेटाची फाईल तुम्हाला कोणी उघडू देत नाही, आणि द्यायलाही नको.

तेव्हा निवडीचं ईमेल आलं की त्याच दिवशी विचारा: कुठला कोर्स, कुठल्या संस्थेच्या नावाखाली, शिवाय जीसीपीचं, म्हणजे औषधांच्या वगैरे चाचण्या नीट कशा करायच्या याचं, वेगळं लागतं का. कॉलेजच्या एथिक्स कमिटीसाठी आधी काही केलं असेल तर तेच तिकडे चालेल असं गृहीत धरू नका. विचारा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे.

वेळ. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असतं. त्यांची गुरुवारी संध्याकाळी पाचची मीटिंग म्हणजे आपला शुक्रवार, पहाटे साडेपाच. वार बदलतो. कॅलेंडरमध्ये गुरुवारी गजर लावून ठेवणारे दरवर्षी निघतात. न्यूयॉर्कच्या बाजूचा मेंटर असेल तर फरक साडेनऊ तासांचा. कार्यक्रम नोव्हेंबरात जाणार असेल तर पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, आपली जात नाहीत, मग कॅलिफोर्निया साडेतेरा तास मागे. रूममेटला आधीच सांगून ठेवा. आणि विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलच्या तारखा मेंटरला पहिल्या मीटिंगमध्येच द्या, आदल्या रात्री नको.

वाचन. इथे मात्र खरंच वेळ घाला, कारण 'आशियाई' या शब्दातच अर्धा विषय आहे. ब्रिटनमध्ये एशियन म्हटलं की आपण, पाकिस्तानी, बांगलादेशी डोळ्यांसमोर येतात, अमेरिकेत बऱ्याचदा चिनी, कोरियन, जपानी. पेपर कुठला आहे ते न बघता आकडा उचलला की गडबड झालीच. अमेरिकेच्या जनगणनेत पॅसिफिक बेटांवरचे लोक 2000 च्या जनगणनेआधी आशियाईंच्याच गठ्ठ्यात होते, त्यामुळे जुन्या आणि नव्या तक्त्यांची तुलना करताना जपून. एन्हेन्स या तिथल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत आशियाई लोक मुद्दाम जास्त संख्येने घ्यायला 2011–12 पासून सुरुवात झाली, आणि त्याच्या सार्वजनिक फाईलमध्येही ते सगळे एकाच खान्यात. गुजराती मोटेलवाला आणि व्हिएतनामी मच्छीमार, दोघांची सरासरी काढून काय मिळणार? पहिल्या मीटिंगला हा प्रश्न घेऊन जा, मेंटर खूश होतात.

बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याचं, तर पाठच करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 मध्ये आशियाई लोकसंख्येसाठी 23 आणि 27.5 हे कृतीचे टप्पे सुचवले, म्हणजे तिथून धोका धरून पावलं उचलायची. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन 2015 पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहाची तपासणी 23 पासूनच करा म्हणते. यामागची गोष्ट आपल्या दारातली आहे. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला. जन्मतः सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपली बाळं दिसायला किरकोळ, पण स्नायू कमी असूनही चरबी त्यामानाने टिकून. हे वाचून गेलात तर बोलायला काही असेल. मी मासाला स्टडीबद्दल ऐकलेलं नव्हतं आणि पहिल्या दिवशी वाटलं, मसाल्यांवर काहीतरी असेल. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकारावरचा तो मोठा अभ्यास आहे. हसू नका, नाव बघा ना.

हे सगळं वाचताना दुसऱ्या टॅबमध्ये सिटीची मॉड्यूल चालू ठेवा. सर्टिफिकेट हातात येईपर्यंत वाचन हे निमित्त होतं. माझं झालं होतं. 'आज तीन पेपर वाचले' म्हणून मी खुशीत, आणि मॉड्यूल तिथेच.

सॉफ्टवेअर. आकडेमोडीसाठी आर आणि ते वापरायला सोपं करणारं आरस्टुडिओ, दोन्ही फुकट, पण आधी आर मग आरस्टुडिओ. संदर्भ साठवणारं झोटेरो पहिल्या पेपरपासून. शेवटी संदर्भ जुळवत बसणाऱ्यांची मला दया येत नाही. डेटा स्वतःच्या पेनड्राईव्हवर किंवा खासगी ड्राईव्हवर कधीच नको, व्हॉट्सअॅपवर तर नकोच. रेडकॅपचं, म्हणजे संशोधनाचा डेटा सुरक्षित ठेवायच्या सॉफ्टवेअरचं, खातं संस्था देते, कधी देते माहितीये? सर्टिफिकेट मिळाल्यावर.

मेंटरला आठवड्याला एक ईमेल, पाच ओळींचं: काय झालं, काय अडलं. तिथे 'डिअर सर' नको, आडनावासकट डॉक्टर लिहा. त्यांनी पहिल्या नावाने हाक मारा म्हटलं तर मारा, जीभ अडखळते पहिल्यांदा.

पुढचं थोडक्यात. लेखकांच्या यादीत नाव येणार का, हे दुसऱ्या आठवड्यात विचारा, शेवटी विचारायला लाज वाटते. अॅबस्ट्रॅक्टची शब्दमर्यादा आधी बघा. पोस्टरचा आकार विचारा. प्रेझेंटेशन एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. कोर्स संपला की तिथलं ईमेल बंद होतं, लागेल ते मेंटरला विचारून आधी उतरवून घ्या.

आणि सर्टिफिकेटची पीडीएफ. आहे म्हणताय ना? उघडा. नाव कुठल्या क्रमाने आहे? खाली संस्थेचं नाव छापलंय का? मुदत कधी संपतेय? नसेलच, तर हे वाचणं थांबवून ते आत्ता सुरू करा.