इंग्रजीत ॲब्स्ट्रॅक्ट लिहिताना क्रियापद कुठे आहे ते बघा

माझ्या पहिल्या ॲब्स्ट्रॅक्टला, म्हणजे शोधनिबंधाच्या सुरुवातीच्या सारांशाला, २५० शब्दांची मर्यादा होती आणि मी तो २४९ शब्दांत बसवला होता. मार्गदर्शक बाईंनी तो वाचला आणि जिथे माझं स्वतःचं काम सुरू होत होतं तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारली. रेघेच्या वर १७० शब्द होते: जमिनीतले क्षार कसे वाढताहेत, पिकांवर काय परिणाम होतो, आधी कोणी काय अभ्यासलं. वर्षभराचं काम खालच्या चार ओळींत कोंबलं होतं. "तुला सापडलं काय?" त्यांनी विचारलं. मी मराठीत एका दमात सांगितलं, "खाऱ्या पाण्यात बी उशिरा उगवतं, पण पेरायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं तर तो उशीर निम्म्यावर येतो." "मग हेच लिही," त्या म्हणाल्या.

हेच लिहायला बसले आणि अडले. माझं वाक्य असं उतरलं: "द डिले इन द जर्मिनेशन ऑफ द सीड्स सोक्ड ओव्हरनाइट इन प्लेन वॉटर बिफोर सोइंग अंडर सलाइन कंडिशन्स वॉज ऑब्झर्व्ड टू बी रिड्यूस्ड." व्याकरणाची चूक नाही. पण क्रियापद यायच्या आधी १८ शब्द आहेत, आणि इतकं थांबून वाचणाऱ्याच्या हाती काय लागतं, तर 'वॉज ऑब्झर्व्ड'. उशीर निम्म्यावर आला ही खरी बातमी तर वाक्यातून गळूनच गेली.

हे का होतं ते कळायला मला बराच काळ लागला. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि आपला कान तोवर थांबायला सरावलेला असतो. त्यात आपण शाळेपासून अहवालाची मराठी वाचलेली: 'अभ्यास करण्यात आला', 'वाढ झाल्याचे दिसून आले', 'असे आढळून आले आहे'. हेच इंग्रजीत जाताना 'स्टडी वॉज कॅरिड आउट', 'इट वॉज फाउंड दॅट' होऊन बसतं. इंग्रजी वाचणारा मात्र कर्ता आणि क्रियापद जवळजवळ शोधत असतो. तेच वाक्य नंतर असं झालं: "सोकिंग सीड्स ओव्हरनाइट इन प्लेन वॉटर हाव्ड द डिले इन जर्मिनेशन अंडर सलाइन कंडिशन्स." २३ शब्दांचे १४ झाले, क्रियापद ('हाव्ड', म्हणजे निम्मा केला) सातव्या शब्दावर आलं आणि 'निम्मं' परत मिळालं.

तेव्हापासून मी प्रत्येक वाक्यातल्या मुख्य क्रियापदाखाली रेघ ओढते. रेघ वाक्याच्या पार टोकाला गेली किंवा 'वॉज डन', 'वॉज ऑब्झर्व्ड' यांच्याखाली आली, तर खरी क्रिया कुठल्या नामात दडली आहे ते शोधायचं. 'रिडक्शन'मध्ये 'रिड्यूस' असतं, 'कम्पॅरिझन'मध्ये 'कम्पेअर'. ते बाहेर काढलं की वाक्य आपोआप आटोपशीर होतं. पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी रचना, मुळातच वाईट, असं मात्र समजू नका. 'सीड्स वेअर सोक्ड फॉर ट्वेल्व्ह अवर्स' हे पद्धतीचं वाक्य उत्तम आहे. बी कोणी भिजवलं याच्याशी कोणाला कर्तव्य नाही. पण निष्कर्ष सांगताना 'वी' लिहायला घाबरू नका. 'नेचर' नियतकालिक लेखकांना मुख्य निष्कर्षाच्या वाक्यात 'हिअर वी शो' किंवा त्या अर्थाचे शब्द वापरायला सांगतं. विज्ञानात 'मी' आणि 'आम्ही' चालत नाही, हे आपल्या मनावर इतकं बिंबलेलं असतं की मला हे वाचून फार धीर आला होता.

शब्दमर्यादा जिथे पाठवायचं तिथली आधी बघा. 'नेचर'ला साधारण २०० शब्द हवे असतात, आयट्रिपलई ही अभियंत्यांची संस्था १५० ते २५० शब्दांचा एकच परिच्छेद मागते, तर 'अर्काइव्ह' या शोधनिबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर मोजणी अक्षरांची, १९२० पर्यंत. वैद्यकशास्त्रात १९८७मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकातून मथळ्यांच्या ॲब्स्ट्रॅक्टचा प्रस्ताव आला: उद्देश, पद्धत, निष्कर्ष, असे वेगळे भाग पाडायचे. तुमच्या विषयात मथळे चालत नसले तरी पहिला खर्डा मथळे घालूनच लिहा आणि पाठवताना ते पुसा. पार्श्वभूमी फुगते आहे हे मथळ्याखाली लगेच दिसतं. मी तिला दोन वाक्यं देते, फार तर.

निष्कर्ष किती ठामपणे मांडायचा, इथे मराठी आपल्या मदतीला येते आणि आपण तिची मदत घेत नाही. 'यामुळे झालं', 'यामुळे झालं असावं' आणि 'यामुळे झाल्याचं दिसतं' यांतला फरक आपल्याला न शिकवता कळतो. इंग्रजीत गेल्यावर मात्र सरसकट 'प्रूव्ह्ज' लिहितो. आधी मराठीत ठरवा, 'झालं' की 'असावं', मग 'शोज', 'सजेस्ट्स' किंवा 'मे' निवडा. 'सिग्निफिकंट' हा शब्द तर जपूनच वापरा. संख्याशास्त्रीय चाचणी केली नसेल आणि नुसतं 'बरंच' म्हणायचं असेल, तर तो नको. थेट आकडा द्या.

'अ' आणि 'द' यांचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण मराठीत ती जागाच नाही. माझा उपाय असा: सगळं लिहून झाल्यावर एक वाचन फक्त नामांसाठी. प्रत्येक नामापाशी विचारायचं, वाचणाऱ्याला हे नेमकं कोणतं ते कळलंय का? कळलं असेल तर 'द'. त्याच वाचनात 'इक्विपमेंट्स' आणि 'इन्फर्मेशन्स' सापडतात; त्यांचा 'एस' काढून टाका.

वाक्यांचे साचे हवे असतील तर मँचेस्टर विद्यापीठाची 'अकॅडेमिक फ्रेजबँक' मोफत बघता येते. दुसऱ्याच्या ॲब्स्ट्रॅक्टमधून साचा घ्या, भरलेलं वाक्य घेऊ नका. तिथून वाङ्मयचौर्य एका पावलावर असतं. भाषा सुधारणारी एआय साधनं वापरणार असाल तर प्रकाशकाचा नियम वाचा. अनेक जण तसा उल्लेख करायला सांगतात. आणि दुरुस्ती डोळे मिटून स्वीकारू नका. एका साधनाने माझं 'नो सिग्निफिकंट डिफरन्स' बदलून 'ॲन इनसिग्निफिकंट डिफरन्स' केलं होतं. पहिल्याचा अर्थ, चाचणीत फरक सिद्ध झाला नाही. दुसरं वाचताना वाटतं, फरक होता पण क्षुल्लक. मी ते पाठवायच्या आदल्या रात्री पकडलं.

शेवटचं काम अगदी साधं. मजकूर ऑनलाइन फॉर्मच्या चौकटीत चिकटवल्यावर तो तिथेच पुन्हा वाचा. तिरपी अक्षरं, वर-खाली लिहिलेले अंक, अंशाचं चिन्ह बऱ्याचदा तिथे मोडतं, आणि दहाचा उणे तिसरा घात सरळ १०-३ असा दिसू लागतो.